दोन ऋतू ब्रुगेलचे, दोन बोलचे: अँटवर्पच्या एका मुद्राचित्र-मालिकेचं प्रकरण

सप्टेंबर १५६९ मध्ये फ्लेमिश चित्रकार थोरला पीटर ब्रुगेल ब्रसेल्सला वारला. चार ऋतूंच्या मुद्राचित्र-मालिकेसाठी (मुद्राचित्र म्हणजे पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र) तोवर त्याच्या हातून दोनच रेखाटनं उतरली होती: वसंताचं १५६५ सालचं आणि उन्हाळ्याचं १५६८ सालचं. शरद आणि हिवाळा राहून गेले. मालिका काढायची होती अँटवर्पचा प्रकाशक हिएरोनिमस कॉक याला. ऋतू चार असतात हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, तेव्हा दोनच पानं विकायला काढणं म्हणजे अर्धवट माल मांडणं. उरलेली दोन रेखाटनं कॉकनं हान्स बोल या दुसऱ्या चित्रकाराकडून करून घेतली आणि १५७० मध्ये चारही पानं बाजारात आणली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कॉकही गेला.

चित्रकार दोन, त्यांची नजर वेगळी, मधल्या काळात एकाचा मृत्यू, आणि तरी विकला गेला तो एक संच. हे एकपण कशानं साधलं आणि कुठे उसवलं, हे त्या पानांवर आजही बोट ठेवून दाखवता येतं. या मालिकेचा कर्ता म्हणून एकच नाव घ्यायचं झालं तर आम्ही ब्रुगेलचं नाही, कॉकचं घेऊ.

कोणाचं काम काय होतं

कॉकनं १५४८ मध्ये अँटवर्पमध्ये 'चार वारे' या नावानं प्रकाशनाचं दुकान थाटलं. बायको फोल्क्सकेन डिएरिक्स धंद्यात बरोबरीनं होती. या दुकानात चित्रकार कागदावर रेखाटन करून देई, कोरणारा ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवी, छापणारा प्रेसवर ठसे काढी, आणि पत्र्याची मालकी प्रकाशकाकडे राही. ब्रुगेलनं स्वतःच्या हातानं पत्र्यावर केलेलं काम एकच, १५६० चं सशाच्या शिकारीचं एचिंग (आम्लानं पत्र्यावर रेघा खोदून केलेलं मुद्राचित्र). बाकी त्याची सगळी मुद्राचित्रं दुसऱ्यांच्या कोरणीतून आलेली आहेत. 'ब्रुगेलचं प्रिंट' असं आपण सहज म्हणतो तेव्हा कागदावरची एकही रेघ त्याच्या हातची नसते.

नावांच्या बाबतीत कॉक व्यवहारी होता. १५५७ मध्ये मोठे मासे छोट्यांना गिळतात ते प्रसिद्ध चित्र त्यानं छापलं. रेखाटन ब्रुगेलचं होतं, पण पत्र्यावर कर्ता म्हणून नाव कोरलं गेलं आधीच्या पिढीतल्या हिएरोनिमस बॉश या चित्रकाराचं, कारण तेव्हा बॉशचं नाव खपत होतं. ऋतूंच्या मालिकेत त्यानं तसं केलं नाही. चारही पानं ब्रुगेलच्या नावावर खपवणं अवघड नव्हतं, तो नुकताच गेला होता आणि त्याचं नाव आता स्वतःच्या बळावर चालत होतं. तरी पहिल्या दोन पानांवर ब्रुगेलचं नाव आहे आणि पुढच्या दोन पानांवर बोलचं. जोड लपवलेली नाही.

वसंत: एका चौकटीत तीन महिने

वसंताचं मूळ रेखाटन व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहालयात आहे. आकार साधारण २२ बाय २९ सेंमी, म्हणजे जवळपास ए-४ कागदाएवढा. छापलेलं चित्रही त्याच मापाचं आहे. रेखाटन लहान-मोठं न करता जसंच्या तसं पत्र्यावर उतरवायचं, अशीच ही योजना होती.

मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांची कामं एका चित्रात आणायची होती. ब्रुगेलनं ती खोलीत मांडली. अगदी पुढे मार्च: भौमितिक वाफ्यांची बाग, खोदणारे, दाताळ्यानं माती सारखी करणारे, रोपं लावणारे गडी आणि बाया, आणि कामावर लक्ष ठेवणारी घरची मालकीण. त्यामागे एप्रिल, मेंढ्यांची लोकर कातरणं चालू. सगळ्यात मागे मे, म्हणजे खाणंपिणं, संगीत आणि प्रेमी जोडपी. नजर पुढून मागे नेली की तीन महिने सरतात. पान तीन उभ्या पट्ट्यांत वाटलं असतं तरी महिने बसले असते, पण ते चित्र न होता तक्ता झाला असता.

या मांडणीत एक सामाजिक बोचही आहे. पुढे राबणारे मोठ्या आकाराचे आहेत आणि मौज करणारे लांब, बोटाच्या पेराएवढे. चित्राखालची लॅटिन ओळ सांगते की वसंतात सोनेरी व्हीनस, म्हणजे प्रेमाची रोमन देवता, फुलांच्या माळांनी हरखते. चित्रात मात्र व्हीनस कुठेच नाही. तिचं काम ती मागची जोडपी करतात, आणि पुढच्या खोदणाऱ्याला त्यांच्याकडे बघायलाही सवड नाही.

उन्हाळा: चौकटीबाहेर आलेला पाय

हॅम्बर्गच्या कुन्स्टहालेमधलं उन्हाळ्याचं रेखाटन तीन वर्षांनंतरचं आहे, आणि ब्रुगेल या काळात किती बदलला ते त्यात दिसतं. वसंतात माणसं पुष्कळ होती आणि सगळी कामात गुंतलेली. इथे पुढच्या आकृत्या मोठ्या आणि वजनदार आहेत. जून, जुलै, ऑगस्ट म्हणजे आपल्याकडचा भर पावसाळा. फ्लँडर्समध्ये, म्हणजे ब्रुगेलच्या मुलखात, ती कोरड्या उन्हातली कापणी असते. खालची ओळही तेच म्हणते: तापलेला उन्हाळा शेतांना भरघोस पीक देतो. तीन महिने वसंतासारखे सुटे पाडलेले नाहीत, कापणीनं सगळं चित्र व्यापलं आहे.

दोन जागा बघण्यासारख्या आहेत. एका बाईच्या डोक्यावरची भाज्यांची टोपली अशी आली आहे की तिचा चेहराच दिसत नाही, जणू मानेवर थेट भाजीच उगवली आहे. ऋतूची मानवी मूर्ती काढायची नाही असं ठरवलेल्या चित्रकारानं मूर्तीकरणाची केलेली ही थट्टा असावी, असं आम्हाला वाटतं.

दुसरी जागा पुढच्या गड्याची. तो मोठा सुरईवजा जग तोंडाला लावून घटाघट पितोय. त्याचा पुढे आलेला पाय आणि विळीची पात चित्राची खालची कड ओलांडून मजकुराच्या पट्टीवर येतात. (विळी म्हणजे इथे लांब दांड्याची, उभ्यानं दोन्ही हातांनी फिरवायची, आपल्या विळ्याशी तिची गल्लत नको.) चित्र एका बाजूला आणि लॅटिन मजकूर दुसऱ्या बाजूला, ही वाटणी कॉकच्या छापखान्यात पक्की होती. ब्रुगेलनं ती एका पायानं मोडली, आणि त्याची किंमत पुढे अक्षरं कोरणाऱ्याला मोजावी लागली, कारण सरळ ओळ टाकायला त्याला जागा उरली नाही.

मग रूपक आहे कुठे?

त्या काळात ऋतूंची मालिका म्हटली की डोळ्यांपुढे येत असे ती मूर्ती. मार्टेन व्हान हेम्सकेर्कच्या रेखाटनांवरून फिलिप्स गालेनं १५६३ मध्ये कोरलेल्या चार ऋतूंत प्रत्येक ऋतू एक भलीमोठी मानवी आकृती होऊन पुढे उभा राहतो आणि शेतीची कामं तिच्या मागे जातात. बघणाऱ्यानं आकृतीच्या हातातल्या वस्तू ओळखायच्या आणि ऋतू वाचायचा. या पद्धतीचं मूळ रोमन कवी ओव्हिडमध्ये आहे. सूर्यदेवाच्या सिंहासनाभोवती फुलांचा मुकुट घातलेला वसंत, कणसांची माळ घातलेला उघडा उन्हाळा, द्राक्षं तुडवून डागाळलेला शरद आणि पांढऱ्या केसांचा गारठलेला हिवाळा उभे असल्याचं वर्णन त्याच्या 'मेटामॉर्फोसेस'च्या दुसऱ्या खंडात येतं.

त्याच ग्रंथाच्या पंधराव्या खंडात पायथागोरसच्या तोंडी दुसरी कल्पना आहे: वर्ष माणसाच्या वयासारखं चालतं. कॉकच्या मालिकेनं ही दुसरी कल्पना उचलली. लॅटिन मजकुरात वसंताची तुलना बालपणाशी, उन्हाळ्याची ऐन तारुण्याशी, शरदाची प्रौढपणाशी आणि हिवाळ्याची म्हातारपणाशी केली आहे. चित्रांत मात्र देव नाहीत, आकाशात राशींची चिन्हं नाहीत, वयांच्या मूर्ती नाहीत. रूपक सगळं खालच्या पट्टीत आहे. पट्टी झाकली की उरतात ती शेतीची आणि सणाची दृश्यं. उघडली की तीच दृश्यं माणसाच्या आयुष्याचे चार टप्पे होतात.

बोलच्या नेमणुकीआधी कॉकला जो प्रश्न सोडवायचा होता तो यामुळे निम्मा सुटला. एकाच मूर्तीची चार रूपं दोन चित्रकारांनी काढली असती तर पहिल्या नजरेत फरक उघडा पडला असता, कारण शरीर, चेहरा, वस्त्रं सगळ्यांचीच तुलना झाली असती. इथे विचार जोडायचं काम मजकुराकडे होतं आणि दृश्यं वेगळी असली तरी चालत होती.

बोलची निवड

हान्स बोल (१५३४–१५९३) मेखेलेनचा. ते गाव कापडावरच्या पाणरंगी चित्रांसाठी ओळखलं जात होतं आणि बोल त्याच परंपरेत तयार झाला. त्याची ताकद लांबवर पसरलेल्या भूदृश्यात आणि बारीक कामात होती; पुढे त्यानं लघुचित्रांत नाव काढलं. १५७२ मध्ये स्पॅनिश फौजेनं मेखेलेन लुटलं तेव्हा तो अँटवर्पला आला आणि अखेर अ‍ॅमस्टरडॅमला स्थायिक झाला.

त्याच्या दोन पानांत क्षितिज मोठं आणि माणसं लहान आहेत. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर लोक स्केटिंग करताहेत. ही रचना वाईट नाही, नुसतं भूदृश्य म्हणून ती वसंतापेक्षा मोकळा श्वास घेते. पण उन्हाळ्याच्या पानाशेजारी ठेवली की गाडी अडते. तिथे एक माणूस पान भरून बसलाय आणि इथे डझनावारी माणसं मुंगीच्या चालीनं सरकताहेत. वसंत आणि शरद शेजारी ठेवले तर जोड कमी जाणवते, कारण वसंतातही माणसं बरीच आणि मध्यम आकाराची आहेत. म्हणजे मालिका बोलमुळे तुटत नाही, ती आधी ब्रुगेलच्याच दोन पानांच्या मधे, १५६५ आणि १५६८ यांच्या मधे तुटते. बोलला दोष देणारे ही गोष्ट सहसा सोडून देतात.

दुसरी उसवण हिवाळ्याच्या पानात आहे. पट्टी म्हणते म्हातारपण आणि वर बर्फावर खेळ रंगलाय. हा विरोधाभास मुद्दाम केलेला आहे असं समजून त्यावर भाष्य रचता येईल, पण साधं कारण पुरेसं आहे: स्केटिंग हा हिवाळ्याच्या चित्राचा लोकप्रिय विषय होता. बोलनं दृश्य नेहमीच्या पद्धतीनं दिलं आणि मजकूर चौकटीच्या गरजेनं खाली आला.

पत्र्यावर जोड कशी भरली गेली

चारही पत्र्यांचं कोरीव काम पीटर व्हान डर हेडनचं मानलं जातं. ब्रुगेलच्या रेखाटनांवर त्याचा हात कित्येक वर्षांपासून बसला होता. माशांचं ते चित्रही त्यानंच कोरलं. त्याची रेघ स्वच्छ, एकसारखी, थोडी ताठ आहे. ब्रुगेलच्या पेनातले ठिपके, तुटक रेघा, हलका थरकाप त्याच्या कोरणीत निवतात. एरवी ही उणीव म्हणावी लागेल. या मालिकेत तोच चिकटवणारा थर ठरला, कारण बोलचं पाणरंगी वळणही त्याच ताठ रेघेत निवलं.

काम कसं होई ते क्रमानं पाहिलं की हे कळतं. हातोडीनं ठोकून सपाट केलेला तांब्याचा एक-दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा आधी स्क्रेपरनं, म्हणजे धारदार खरवडणीनं, खरवडायचा, मग कोळशानं आणि शेवटी बर्निशरनं, म्हणजे गुळगुळीत घासणीनं, आरशासारखा करायचा. कडा तिरक्या कानसायच्या. तसं केलं नाही तर दाबाखाली पत्रा कागद आणि प्रेसमध्ये त्यावर पसरलेलं लोकरी ब्लँकेट दोन्ही कापतो. रेखाटनाची पाठ खडूसारख्या पुडीनं माखून ते पत्र्यावर ठेवायचं आणि बोथट टोकानं बाह्यरेषा दाबत जायचं. खुणा उमटल्या की चौकोनी किंवा समभुज टोकाची कोरणी तळहातात धरून पुढे ढकलायची. वळणदार रेघेसाठी हात फिरत नाही, वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवलेला पत्रा फिरतो. रेघेच्या कडेला उठलेली तांब्याची खरखरीत कड स्क्रेपरनं काढून टाकायची, नाहीतर छापताना तिथे शाई अडकून रेघ केसाळ दिसते.

कोरणी घसरली तर? चुकलेली रेघ आधी खरवडायची आणि बर्निशरनं दाबायची. त्यामुळे तिथे खड्डा पडतो आणि खड्ड्यात शाई साचून करडा डाग येतो. म्हणून कॅलिपरनं ती जागा पत्र्याच्या पाठीवर मोजून खूण करायची, मागून हातोडीनं हलके ठोकून तांबं वर आणायचं आणि पुढून पुन्हा सपाट करायचं.

ठसा पत्र्याच्या उलट येतो. रेखाटन पत्र्यावर सरळ उतरवलं की छापात डावं उजवीकडे जातं, तेव्हा जाणता चित्रकार आपल्या माणसांना रेखाटनात डावखुरं करतो, म्हणजे छापात ती उजव्या हाताची होतात. लांब दांड्याच्या विळीच्या बाबतीत ही काळजी जास्तच घ्यावी लागते, कारण ती उजव्या हातासाठीच घडवलेली असते. उलटी धरलेली विळी शेतकऱ्याला लगेच खटकते, शहरी गिऱ्हाइकाला कदाचित नाही. मजकूर तर पत्र्यावर उलटाच कोरावा लागतो. हे वेगळं कसब आहे आणि मोठ्या छापखान्यांत त्यासाठी वेगळा माणूस असे. उलटा पडलेला एन किंवा एस ही नवख्याची ठरलेली चूक.

छपाईची शाई म्हणजे उकळून, पेटवून चिकट केलेलं जवसाचं तेल आणि त्यात जळालेल्या द्राक्षगाळाची काजळी. पत्रा कोमट ठेवून शाई रेघांत भरायची, चिंध्यांनी पुसायची आणि शेवटचा हात तळव्यानं फिरवायचा. जास्त पुसलं तर रेघ उपाशी राहते, कमी पुसलं तर सगळ्या पानावर करडा पडदा येतो. कागद आदल्या दिवशी ओलवून वजनाखाली ठेवलेला हवा; कोरडा कागद रेघेच्या तळापर्यंत पोचत नाही आणि काळ्या रेघेत पांढरे तुटके दिसतात.

झीज आधी कुठे लागते

प्रत्येक ठशाला पुसणं आणि दाब यांनी तांबं थोडं झिजतं. उथळ रेघा आधी जातात, खोल रेघा शेवटी. कोरणारा अंतर दाखवण्यासाठी मागचा भाग बारीक आणि उथळ कोरतो, पुढचा भाग जाड आणि खोल. वसंताच्या पानाला हे लावून पाहा. मे महिना मागे आहे. पत्रा थकला की पहिल्यांदा तोच फिकट होतो, मग लोकर कातरणारे, आणि शेवटपर्यंत टिकतात ते मार्चचे खोदणारे. झिजलेल्या ठशावरून कोणी लिहिलं की या वसंतात कष्टच कष्ट आहेत, तर त्यानं पत्र्याची झीज वाचली, चित्रकाराचा विचार नाही. उन्हाळ्याला हा धोका कमी, कारण तिथे सगळं महत्त्वाचं पुढेच आहे. बोलच्या दोन पानांना सर्वात जास्त, कारण त्यांचा जीव लांबच्या बारीक कामात आहे. संग्रहात बोलची पानं फिकी वाटली तर दोष देण्याआधी भिंग घेऊन क्षितिजाजवळच्या रेघा तुटल्यात का ते बघावं.

पान तपासताना दुसरी जागा खालची पट्टी. सुटी मुद्राचित्रं अल्बममध्ये चिकटवताना मालक कडा कापत असत, कधी पत्र्याच्या दाबाच्या खुणेपर्यंत, कधी तिच्याही आत. इतर तीन पानांची पट्टी कापली गेली तर चित्र शाबूत राहतं आणि रूपक जातं. उन्हाळ्याचं पान तसं कापता येत नाही: पट्टीबरोबर पिणाऱ्याचा पाय आणि विळीची पातही जाते. उभ्या-आडव्या मापात एखादा सेंटिमीटर कमी भरला, किंवा दाबाची खूण खालच्या बाजूला सापडली नाही, तर पाय पुरा आहे का हे आधी पाहावं. प्रकाशकाचं नाव आणि १५७० हे साल जागेवर आहे का, ते खरवडल्याचा करडा ठिपका आहे का, हेही त्याच वेळी तपासून घ्यावं.

नंतर

कॉकच्या मागे फोल्क्सकेन डिएरिक्सनं १६०० पर्यंत दुकान चालवलं. तिच्या मृत्यूनंतर १६०१ मध्ये मालमत्तेची यादी झाली तेव्हा तिच्याकडे १६०० हून अधिक कोरलेले ताम्रपट निघाले. मुद्राचित्राच्या धंद्यातली खरी पुंजी हे पत्रे होते. कागद संपतो, पत्रा पुन्हा प्रेसवर चढतो.

मालिकेची जोड सर्वात घट्ट केली ती मात्र रंगचित्रांनी. ब्रुगेलचा मुलगा, धाकटा पीटर ब्रुगेल, वडील गेले तेव्हा पाचेक वर्षांचा होता. पुढे त्याच्या चित्रशाळेनं वडिलांच्या रचनांच्या रंगीत आवृत्त्यांवर मोठा धंदा उभा केला, आणि त्यांत या चार ऋतूंचे संचही होते: वसंत आणि उन्हाळा वडिलांवरून, शरद आणि हिवाळा बोलवरून. काळ्या-पांढऱ्या छापात रंग नसल्यामुळे ते त्याला स्वतःचे भरावे लागले, आणि एकाच पॅलेटचे रंग चारही फळ्यांवर चढल्यावर दोन चित्रकारांमधला फरक आणखी पुसट झाला. बुखारेस्टच्या रोमानियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात असा एक संच आहे. या रंगीत हिवाळ्यापुढे उभं राहून लोक थोरल्या ब्रुगेलचं कौतुक करतात. ती रचना बोलची.